आधी वेळापत्रक, मग रूळ

खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या आगगाडीच्या खोक्यात रुळांचे दहा-बारा तुकडे असतात. ते जोडले की एकच आकृती तयार होते, गोल किंवा लांबट गोल. गाडी त्यावर सुटते, फिरते आणि जिथून निघाली तिथेच पोचते. पहिल्या संध्याकाळी सगळे घर भोवती गोळा होते, आठवड्याने मुलेही उठून जातात, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ते खोके माळ्यावर चढते. यात मुलांच्या चंचलपणाचा दोष नाही. हाच प्रकार मोठी माणसे मोठ्या खर्चाने करतात. गोल मोठा होतो, एकाचे दोन होतात, मध्ये डोंगर येतो, डोंगराला बोगदा पडतो, पायथ्याशी दिव्यांचे गाव वसते. गाडी मात्र कुठेही जात नाही, कुणाला आणत नाही, काही पोचवत नाही. पुढे पुढे मालक ती पाहुण्यांना दाखवण्यापुरतीच सुरू करतो. या कंटाळ्याचे कारण लोक जागेत शोधतात, पैशात शोधतात, हौसच आटली म्हणतात. मला ते आराखड्यात दिसते. आधी रूळ ठरतात आणि त्यांवरून गाडी कशासाठी धावणार हा प्रश्न मागून येतो, किंवा येतच नाही. क्रम उलटा हवा. गाडीचे काम आधी ठरवायचे, त्या कामाचे वेळापत्रक लिहायचे, आणि त्या वेळापत्रकाला जेवढे रूळ लागतील तेवढेच टाकायचे.

हा विचार जुना आहे. घरात रेल्वे उभारण्याचा छंद अमेरिकेत १९३० च्या दशकात आकाराला आला. ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक १९३४ मध्ये मिलवॉकी शहरात निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, स्थापन झाली. याच मासिकात १९४४ साली न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांची लेखमाला आली. एलिसन रंगभूमीच्या व्यवसायात वावरलेले गृहस्थ होते, आणि त्यांनी घरातल्या रेल्वेकडे नाटक म्हणून पाहिले. डोंगर, घरे, पूल हे नेपथ्य. गाड्या ही पात्रे. आणि वेळापत्रक ही संहिता. नाटकवेड्या मराठी वाचकाला यावर भाष्य नको. पडदा वर गेल्यावर दिवाणखाना कितीही देखणा दिसला, तरी पात्रे नुसती त्यात फिरत राहिली तर प्रेक्षक दुसऱ्या अंकाला थांबत नाही. पात्र विंगेतून येते ते कुठून तरी आलेले असते, काही तरी साधून किंवा बिघडवून जाते. एलिसन यांच्या ‘डेल्टा लाइन्स’ या घरगुती रेल्वेवरच्या गाड्या अशाच कारणाने येत आणि कारणाने जात. पुढे १९७० च्या दशकात ओहायोतल्या ॲलन मॅक्लेलंड यांची ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ ही काल्पनिक रेल्वे गाजली, ती याच विचाराचा पुढचा टप्पा होती. तळघरात दिसतो तो रेल्वेचा एक तुकडा आहे, उरलेली रेल्वे तळघराच्या भिंतीपलीकडे पसरलेली आहे असे धरून त्यांनी आखणी केली. डोंगरातल्या खाणीतून निघालेला कोळसा तळघराबाहेरच्या जगाकडे जातो आणि रिकाम्या वाघिणी तिकडून परत येतात. ते ‘तिकडे’ म्हणजे प्रत्यक्षात पडद्याआड लपवलेले चार-सहा रूळ असतात. अमेरिकेत त्याला स्टेजिंग यार्ड म्हणतात, आपण विंगेतले यार्ड म्हणू. माझ्या मते घरगुती रेल्वेच्या आखणीत लागलेला सगळ्यांत मोठा शोध हाच आहे, कारण त्याने गोलाची गरजच संपवली.

या सगळ्याला शास्त्राचे रूप दिले ते जॉन आर्मस्ट्राँग यांनी. व्यवसायाने अभियंता असलेल्या आर्मस्ट्राँग यांचे ‘ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअलिस्टिक ऑपरेशन’ हे पुस्तक १९६३ मध्ये आले आणि अजूनही आखणी करणारा माणूस त्याच्यापासून सुरुवात करतो. त्यांची पद्धत आधी दोन याद्या करायला लावते. एका यादीत बदलता न येणाऱ्या गोष्टी: खोलीचे माप, दार कुठे उघडते, खिडकी कुठे, पंखा कुठे, घरच्यांना काय चालेल. दुसऱ्या यादीत हव्याशा वाटणाऱ्या गोष्टी, आणि त्याही पसंतीच्या क्रमाने. मग ते खोलीचा नकाशा चौकोनांत मोजतात. चौकोनाची बाजू म्हणजे वळणाची त्रिज्या अधिक शेजारशेजारच्या दोन रुळांमधल्या अंतराची दुप्पट. अशा एका चौकोनात गाडी काटकोनात वळते, आणि तिला पूर्ण मागे वळवायची तर दोन चौकोनांची रुंदी जाते. त्रिज्या ७३ सेंटिमीटर आणि रुळांमधले अंतर ५ सेंटिमीटर धरले तर चौकोन ८३ सेंटिमीटरचा होतो. दहा फुटी खोलीच्या एका बाजूला असे पुरते चारही बसत नाहीत. म्हणजे नुसते मागे वळणे हे खोलीची निम्म्याहून जास्त रुंदी खाते, आणि त्या मोबदल्यात काय मिळते, तर गाडी आली तशी परत जाते. हा हिशेब कागदावर मांडला की पुष्कळ स्वप्ने तिथेच विरतात, आणि त्यात वाईट काही नाही.

आकडे आणखी थोडे पाहू. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याचा ८७ वा भाग. आपला निळा आयसीएफ डबा बफरांसह २२ मीटरांहून थोडा लांब असतो. एचओमध्ये तो साडेपंचवीस सेंटिमीटर होतो. अशा २४ डब्यांची गाडी घरी सहा मीटरांहून लांब भरते. दहा फुटांची भिंत खऱ्या मापात २६५ मीटरांची, म्हणजे तिच्यावर ही गाडी निम्मीसुद्धा मावत नाही. मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटर घरात आणायचे तर २ किलोमीटर २०० मीटर रूळ लागेल. अंतराच्या बाबतीत हुबेहूबपणा अशक्य आहे हे एकदा मान्य केले की दुसरी गोष्ट लक्षात येते. अंतर ८७ पटींनी लहान होते, काम लहान होत नाही. इंजिन सोडवणे, सांधा बदलणे, दुसऱ्या रुळावरून डब्यांच्या मागे जाणे, जोडणे, सिग्नलची वाट पाहणे या सगळ्याला निर्णय तेवढेच लागतात आणि वेळही फारसा कमी लागत नाही. चार मीटरांचा मोकळा मार्ग गाडी अर्ध्या मिनिटात संपवते. त्याच चार मीटरांत एक कामाचे स्थानक बसवले तर ते तासभर गुंतवून ठेवते. म्हणून जागेचा प्रत्येक हात जिथे काम होते तिथे घालायचा आणि नुसत्या धावण्याला भिंतीपलीकडे पाठवायचे, ही आखणीची पहिली कसोटी ठरते.

ती लावून पाहायला महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. मुंबई-पुणे मार्गाची प्रतिकृती करायची म्हटले की नव्वद टक्के लोकांच्या डोळ्यांपुढे बोरघाट येतो: बोगदे, दऱ्या, पावसाळ्यातले धबधबे. कर्जत ते लोणावळा हा घाट २८ किलोमीटरांचा, एचओमध्ये ३२२ मीटर. चढ ३७ ला १, म्हणजे भिंतीच्या तीन मीटरांत गाडी जेमतेम ८ सेंटिमीटर वर जाते, एका रुळावरून दुसरा नेण्यापुरती. घाट दिसावा एवढी उंची गाठायला खोलीला फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागतात, लहान इंजिनांची चाके त्या चढावर घसरतात, आणि बोगद्यात घसरलेला डबा काढायला हात पोचत नाही. आता घाट सोडून फक्त कर्जत स्थानक घ्या. पुण्याकडे जाणारी गाडी येते आणि थांबते. चढासाठी मागून जोर लागतो, म्हणून बाजूच्या रुळावर उभी असलेली बँकर इंजिने निघतात, सांधे ओलांडून गाडीच्या शेपटीला येतात, हळूच टेकतात, जोडली जातात. ब्रेक तपासतात, सिग्नल पडतो, पुढचे आणि मागचे इंजिन मिळून गाडी हलवतात. ज्या मिनिटांत प्रवासी वडे घेऊन धावत डब्यात परत येतात, त्याच मिनिटांत रेल्वेचे हे सगळे काम उरकलेले असते. थोड्या वेळाने तेच बँकर लोणावळ्याहून मोकळे खाली येतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा जागेवर लावावे लागतात. शिवाय मुंबईची लोकल इथे संपते आणि इथूनच सुटते, १५ किलोमीटरांवरच्या खोपोलीची लोकल ये-जा करते, पनवेलचा मार्ग इथे मिळतो. घाटाचे सगळे नाट्य घाटाच्या पायथ्याशी, सपाट जमिनीवर घडते.

त्यामुळे आखणी अशी होईल. दोन भिंतींना लागून ४५ सेंटिमीटर खोलीची फळी, छातीच्या उंचीवर. त्याहून फार खोल फळी घेतली तर मागच्या रुळापर्यंत हात पोचणे अवघड होत जाते. एका भिंतीवर कर्जत. मुंबईच्या टोकाला रस्त्याचा पूल, त्याच्या आड चार रुळांचे विंगेतले यार्ड. पुण्याच्या टोकाला बोगद्याचे तोंड, त्याच्या आड तेवढेच दुसरे. प्रत्यक्षात कर्जतपुढे पळसदरी येते आणि खोपोलीचा फाटा तिच्यापुढे फुटतो. ते अंतर गाळावे लागेल आणि जाणकाराने त्याकडे काणाडोळा करावा. गाडीत डबे किती? पाच डब्यांचे १२८ सेंटिमीटर, पुढचे इंजिन आणि मागचे दोन बँकर प्रत्येकी सुमारे २३ सेंटिमीटर, मिळून साधारण दोन मीटर. हाच दोन मीटरांचा आकडा सगळ्या आराखड्याचा मालक. फलाट त्याहून लांब हवा, विंगेतला प्रत्येक रूळ त्याहून लांब हवा, आणि मुख्य मार्गाला मोकळे ठेवून बँकरांना मागे-पुढे करायला वेगळा तुकडा हवा. ज्याने हा आकडा आधी काढला नाही त्याला रूळ ठोकून झाल्यावर कळते की गाडी फलाटावर घेतली की तिची शेपटी सांध्यावर राहते. एकाच रुळावर पुढचे आणि मागचे इंजिन स्वतंत्रपणे चालवता येणे ही इथली दुसरी गरज. जुन्या पद्धतीत रुळातला वीजप्रवाहच इंजिनाला पळवतो, त्यामुळे एका तुकड्यावरची सगळी इंजिने एकदम हलतात. १९९० च्या दशकात प्रमाणित झालेल्या डिजिटल नियंत्रणात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि ते त्याच क्रमांकाचा हुकूम ऐकते. बँकरचे काम घरात आणायचे असेल तर हा खर्च आधी करावा, डोंगराचा नंतर.

प्रवासी गाड्यांना वेळापत्रक पुरते. मालगाडीला कारण लागते. कुठली वाघीण, काय भरून, कोणाकडून कोणाकडे? यासाठी अमेरिकेत १९६० च्या दशकापासून एक साधी युक्ती रूढ आहे. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड करतात आणि त्याच्या खिशात एक चिठ्ठी खोचतात, जिच्यावर चार मुक्काम लिहिलेले असतात. एक मुक्काम गाठला की चिठ्ठी फिरवायची, पुढचा मुक्काम वर येतो. आपल्याकडच्या शकुंतलेवर हे किती सहज बसते पाहा. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ही अरुंद रुळांची रेल्वे वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातली गेली आणि १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचे इंजिन धावत होते. चिठ्ठीचा पहिला मुक्काम: रिकामी वाघीण अचलपूरच्या मालधक्क्यावर. दुसरा: गाठी भरून मूर्तिजापूरला, जिथे माल हमालांच्या पाठीवरून मोठ्या रुळांच्या वाघिणीत चढेल. तिसरा: मीठ-किराणा घेऊन यवतमाळला, असे धरू. चौथा: तिथून पुन्हा कापूस. दहा वाघिणींची दहा कार्डे झाली की रोजची गाडी आपोआप वेगळी बनते, कारण प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या टप्प्यावर असते, आणि मूर्तिजापूरच्या यार्डात त्या योग्य क्रमाने लावणे हे डोके खाजवायला लावणारे काम होते. या गाडीची आणखी एक सोय आहे. तिच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. ते ८७ व्या भागात पावणेनऊ मिलिमीटर होते आणि दुकानात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ अचूक बसतो. बार्शी लाइट रेल्वेचेही माप तेच होते. उलट मोठ्या रुळांचे १६७६ मिलिमीटर घरी १९.३ व्हायला हवेत आणि बाजारात मिळतो तो एचओचा रूळ साडेसोळाचा. इथे काटेकोर माणूस विचारतो की रुळांचे मापच चुकले तर वास्तव कसले राहिले? प्रश्न बरोबर आहे, पण तो डोळ्यांपुरता आहे. रुळांमधले तीन मिलिमीटर कमी झाल्याने बँकर जोडण्याचा क्रम बदलत नाही, मालगाडीला लूपवर थांबवण्याची वेळ चुकत नाही. मी दिसण्यातली ती त्रुटी घेईन आणि कामातली घेणार नाही.

एकेरी मार्ग हा तर घरगुती रेल्वेला मिळालेला वरच म्हणावा. हौशी माणसाला दुहेरी मार्गाची भूल पडते, कारण दोन गाड्या एकमेकींना वेगात ओलांडतात ते दृश्य छान दिसते. पण दुहेरी मार्गावर कुणाला कुणासाठी थांबावे लागत नाही, म्हणजे ठरवण्यासारखे काही उरत नाही. कोकण रेल्वेने गणपतीला गेलेल्या प्रत्येकाला ‘क्रॉसिंग’ हा शब्द पाठ असतो. बराचसा मार्ग एकेरी, समोरून गाडी येते, एकीने लूप लाइनवर जाऊन थांबायचे. कोणी थांबायचे, कुठल्या स्थानकावर, किती वेळ, आणि एखादी गाडी वीस मिनिटे उशिरा आली तर पुढची तीन क्रॉसिंगे कशी हलवायची, हे सगळे घरातही तसेच्या तसे घडते, तेही फक्त दोन स्थानके आणि दोन लूप असताना. त्यासाठी घड्याळ मात्र वेगळे लागते. अंतरे आक्रसलेली असल्याने खऱ्या घड्याळाने गाड्या फारच लवकर पोचतात, म्हणून सहापट वेगाचे घड्याळ लावतात. दहा मिनिटांत एक तास, चार तासांत पूर्ण दिवस. शंटिंगचा वेग मात्र सहापट होत नाही, त्यामुळे मालगाडीच्या कामाला वेळापत्रकात भरपूर मोकळी जागा ठेवावी लागते. मला विचाराल तर सुरुवातीला तिप्पट वेगाचे घड्याळ पुरे.

आता आक्षेप. सगळ्यांत जोरकस आक्षेप असा की दिवसभर कचेरीत कागद हलवून आलेल्या माणसाने संध्याकाळी घरी पुन्हा चिठ्ठ्या, नोंदी आणि वेळापत्रक कशाला सांभाळायचे? छंद आहे, नोकरी थोडीच आहे. यात तथ्य आहे, आणि काही ठिकाणी अतिरेकही झालेला आहे. अमेरिकेतल्या काही मोठ्या घरगुती रेल्वेंवर नियंत्रक वेगळ्या खोलीत बसतो, फोनवरून हुकूम देतो आणि सगळी संध्याकाळ त्याला एकही गाडी दिसत नाही. ज्यांना ते आवडते त्यांनी खुशाल करावे. मला ते छंदाचे कार्यालयात झालेले रूपांतर वाटते. पण या आक्षेपातून निघतो तो निष्कर्ष नियम कमी ठेवा एवढाच आहे, नियम नकोत असा नाही. काहीही करायला मोकळीक असलेली गाडी सगळ्यांत आधी कंटाळा आणते, आणि सुरुवातीच्या गोलाने ते सिद्ध केलेलेच आहे. पाच वाघिणींची पाच कार्डे आणि चार गाड्यांचे वेळापत्रक एका पोस्टकार्डावर मावते. तेवढ्याने एक संध्याकाळ भरते.

दुसरा आक्षेप देखाव्याच्या बाजूचा. लोकांना डोंगर, बाजारपेठ, दिवे पाहायला आवडतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय पाहायला १९९८ पासून लोक जातात, हॅम्बुर्गचे मिनिआटूर वुंडरलँड २००१ पासून गर्दी खेचते, आणि तिथे कुणी मालाची चिठ्ठी विचारत नाही. खरे आहे, पण प्रेक्षक निराळे आहेत. प्रदर्शनाचा प्रेक्षक तासाभरासाठी येतो आणि त्याच्यासमोर गाडी सतत हलती राहिली पाहिजे. घरच्या रेल्वेचा प्रेक्षक एकच, तोच मालक, आणि तो वीस वर्षे तिथे राहणार असतो. एकाचे गणित दुसऱ्याला लावून चालत नाही. शिवाय देखावा आणि काम यांत भांडण आहे हे गृहीतकच कच्चे आहे. कॅलिफोर्नियात मॉंटरे इथे जॉन ॲलन यांची ‘गोर अँड डॅफेटिड’ ही रेल्वे तिच्या कडेकपारींसाठी आणि छायाचित्रांसाठी जगभर नावाजली गेली. तेच ॲलन तिच्यावर मित्रांना जमवून नियमाने गाड्या चालवत, आणि १९७२ मध्ये ‘टाइमसेव्हर’ हा पाच सांध्यांचा शंटिंगचा खेळ त्यांनीच प्रसिद्ध केला. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि काही दिवसांतच ती रेल्वे आगीत भस्म झाली. छायाचित्रे उरली, आणि तो पाच सांध्यांचा खेळ आजही घरोघरी नव्याने बांधला जातो.

जागेचा आक्षेप आपल्याकडे पहिला येतो. अमेरिकेत तळघर असते, इंग्लंडात बागेतली शेड, आणि इथे वन बीएचके. पण कामाकडून निघालेल्या आराखड्याला सर्वांत कमी जागा लागते, हाच तर त्याच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे. ॲलन राइट या इंग्लिश छांदिष्टाने ‘इंगलनुक सायडिंग्ज’ नावाचा आराखडा केला, त्यात फक्त दोन सांधे आणि तीन सायडिंगे. एका सायडिंगात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन, आणि इंजिनाच्या बाजूच्या तुकड्यात इंजिन अधिक तीन. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम ६,७२० होतात. रोज संध्याकाळी एक लावला तरी अठरा वर्षे पुरतील. चार चाकी वाघिणी घेतल्या तर हे सगळे सव्वा-दीड मीटर लांब आणि वीतभर रुंद फळीवर बसते, फळी काम झाल्यावर पलंगाखाली सरकते. मोठ्या गोलाला लागणाऱ्या जागेच्या तुलनेत हे काहीच नाही, आणि गोलाकडे क्रम एकच असतो. एकट्याने कसे खेळायचे, या शंकेचेही उत्तर याच फळीवर आहे.

एक आक्षेप मात्र खास आपला आणि विचार करायला लावणारा. भारतात आता शंटिंग उरले कुठे? १९८० च्या दशकापासून रेल्वेने सुट्या वाघिणींचा व्यवहार आवरत आणला आणि मालगाड्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अखंड रेकने जाऊ लागल्या. कोळशाच्या ५८ वाघिणी खाणीवरून वीजकेंद्रावर जातात आणि तशाच परत येतात. गावच्या मालधक्क्यावर दोन वाघिणी सोडणारी गाडी आज दाखवली तर ते वास्तव ठरणार नाही. म्हणूनच काळ ठरवणे हा आखणीचा भाग आहे, सजावटीचा नाही. सुट्या वाघिणींचे काम हवे असेल तर १९५० किंवा १९६० चे दशक घ्यावे. आजचाच काळ हवा असेल तर आजही जिथे काम आहे ते ठिकाण शोधावे: कर्जतचे बँकर, किंवा कोलाडला मालट्रक सपाट वाघिणींवर चढवणारी कोकण रेल्वेची रो-रो सेवा, जी १९९९ मध्ये सुरू झाली. कामावरून केलेला आराखडा काळ बदलला तरी टिकतो, हाही त्याचा फायदा. कर्जतच्या त्याच रुळांवर आजची इंजिने उचलून १९३० ची ठेवता येतात. त्या वर्षी १ जूनला डेक्कन क्वीन सुरू झाली, आणि घाटात तेव्हा स्वित्झर्लंडच्या धाटणीची, मालगाड्यांसाठी आणलेली ती लांब नाकाची विजेची इंजिने होती, ज्यांना चालक खेकडा म्हणत. गाड्या बदलतील, वेळापत्रक नवे लिहावे लागेल, रूळ तसेच राहतील.

तेव्हा ज्याला हे करायचे आहे त्याने दुकानाची पायरी सहा महिने चढू नये. पुण्याच्या गाडीने जाताना कर्जतला फलाटावर उतरून मागच्या टोकाकडे बघा. एखाद्या रविवारी मुद्दाम जा आणि दोन तासांत कोणती गाडी आली, कुठल्या रुळावर उभी राहिली, इंजिन कधी जोडले, कोण कुणासाठी थांबले हे घड्याळासह वहीत लिहा. घरी आल्यावर खोलीच्या मापाने रुळांच्या पट्ट्या जाड कागदातून कापा, गाड्यांच्या लांबीच्या पट्ट्या वेगळ्या रंगात कापा, आणि ते दोन तास जमिनीवर बसून कागदावरच चालवून पाहा. जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर चढतील तिथे रूळ कमी आहे. जो रूळ दोन तासांत एकदाही वापरला गेला नाही तो काढून टाका. एवढे झाल्यावर उरेल तो आराखडा घेऊन दुकानात जावे, आणि सांधे मोजून विकत घ्यावेत.